थकलेलं बिल कायद्याने कसं वसूल करायचं: लहान उद्योजकांसाठी पायरीपायरीने

माल जातो, चलानवर शिक्का पडतो, त्या बिलावरचा जीएसटी आपण खिशातून भरून मोकळे होतो, आणि पैसे मात्र येत नाहीत. फोन केला की अकाउंट्समधून ठरलेलं उत्तर येतं, "साहेब बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात बघू." मी फॅब्रिकेशनचं छोटं युनिट चालवतो. एका मोठ्या पार्टीकडे अडकलेली बिलं सुविधा परिषदेपर्यंत (लहान उद्योगांच्या थकलेल्या बिलांचे वाद सोडवणारी, राज्य सरकारने नेमलेली परिषद) नेऊन सोडवताना जे कळलं, ते इथे क्रमाने मांडतो आहे. तुम्ही पॅकेजिंग करत असाल, छपाई, जॉबवर्क किंवा सॉफ्टवेअरचं काम करत असाल, तरी रस्ता जवळपास हाच आहे.

आपल्या देशात २००६ सालचा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा आहे. बोलताना सगळे त्याला 'एमएसएमई कायदा' म्हणतात. उशिरा पेमेंट करणाऱ्याबाबत हा कायदा इतका कडक आहे की पहिल्यांदा वाचताना खरं वाटत नाही. पण त्याचा सगळा जोर तारखांवर आहे: माल कधी पोचला, तक्रार कधी आली, बिल कधी देय झालं. या तारखा कागदावर असतील तर लहान पुरवठादारही मोठ्या कंपनीसमोर ताठ उभा राहतो, नसतील तर चांगला वकीलसुद्धा हतबल होतो. म्हणून खालच्या पायऱ्यांतल्या पहिल्या चार, पैसे अडकण्याच्या आधीच्या आहेत. त्या वगळून थेट नोटिशीच्या भागाकडे जाऊ नका.

१. हा कायदा तुम्हाला लागू होतो का, ते आधी बघा

उशिरा पेमेंटचं संरक्षण फक्त सूक्ष्म आणि लघु उद्योगांना आहे. कायद्याच्या नावात 'मध्यम' असलं तरी या प्रकरणात मध्यम उद्योग बसत नाहीत. १ एप्रिल २०२५ पासूनच्या मर्यादा अशा: यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, गुंतवणूक २५ कोटींपर्यंत आणि उलाढाल १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. दोन्ही अटी एकत्र पाळाव्या लागतात. एक जरी ओलांडली तरी वरच्या वर्गात गेलात.

उत्पादन आणि सेवा, दोन्ही यात येतात. समोरची पार्टी कोणीही असू शकते: खासगी कंपनी, भागीदारी, एकट्याची फर्म, सरकारी खातं किंवा महामंडळ.

दोन ठिकाणी मात्र सावध राहा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना जुलै २०२१ पासून उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु, मध्यम उद्योग म्हणून होणारी सरकारी नोंदणी) मिळते, पण ती बँकांच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. उशिरा पेमेंटचं कलम त्यांना त्यातून मिळत नाही. दुसरं, बांधकामासारखी साहित्य आणि मजुरी एकत्र असलेली कंत्राटं, म्हणजे वर्क्स कॉन्ट्रॅक्ट. ही कामं या कायद्यात बसतात का, यावर कोर्टांत बराच वाद झाला आहे आणि समोरचा वकील पहिला मुद्दा तोच काढतो. तुमचं काम या प्रकारात मोडत असेल तर अर्ज करण्याआधी वकिलाचं मत घ्याच.

२. उद्यम नोंदणी आज करा, पैसे अडकल्यावर नाही

१ जुलै २०२० पासून जुन्या उद्योग आधारच्या जागी उद्यम नोंदणी आली. ती पूर्णपणे ऑनलाइन आहे, आधार आणि पॅनवर होते, जीएसटी लागू असेल तर तो क्रमांक लागतो. कागदपत्रं अपलोड करावी लागत नाहीत आणि फी शून्य आहे. केंद्र सरकारचं एकच अधिकृत पोर्टल आहे, त्याच्या पत्त्याचा शेवट 'डॉट गव्ह डॉट इन' असा होतो. गुगलवर शोधलं की वरच्या जाहिरातींत तशाच दिसणाऱ्या खासगी साइट दिसतात आणि त्या पैसे मागतात. नोंदणीसाठी कोणी एक रुपयाही मागितला तर ती साइट बंद करा.

घाई करायला का सांगतो आहे? नोंदणीच्या आधी झालेल्या व्यवहारांना या कायद्याचा फायदा मिळतो का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. २०२१ आणि २०२२ च्या निकालांचा रोख 'मिळत नाही' असा होता. २०२५ मध्ये दुसऱ्या खंडपीठाने वेगळा सूर लावून प्रश्न मोठ्या खंडपीठाकडे पाठवला. अशा वादात आपलं बिल अडकवून घेण्यात शहाणपण नाही. नोंदणी पर्चेस ऑर्डरच्या आधीच्या तारखेची असली की हा मुद्दाच उरत नाही.

नोंदणी झाली की उद्यम क्रमांक बिलावर, कोटेशनवर आणि लेटरहेडवर छापून घ्या. प्रत्येक मोठ्या ग्राहकाच्या अकाउंट्सला प्रमाणपत्र मेल करून ठेवा. 'तुम्ही लघु उद्योग आहात हे आम्हाला माहीतच नव्हतं' ही सबब त्या एका मेलने कायमची संपते.

३. ऑर्डर लेखी घ्या, आणि पेमेंटची ओळ वाचा

फोनवर ऑर्डर आली तरी हरकत नाही, कामं तशीच चालतात. पण माल निघण्याआधी त्याच फोनच्या आधारे एक मेल टाका: "आपल्या आजच्या बोलण्याप्रमाणे अमुक नग, अमुक दर, पेमेंट ३० दिवसांत, पोचवण्याचा खर्च आपला." समोरून 'ओके' आलं तर उत्तम. नाही आलं तरी तुमच्या बाजूने लेखी नोंद झाली.

पर्चेस ऑर्डरच्या मागच्या पानावरचा बारीक मजकूर वाचायचा कंटाळा करू नका. तिथे पेमेंट ९० किंवा १२० दिवसांत असं लिहिलेलं असतं. घाबरू नका. कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे जाऊ शकत नाही. तुमची सही असली तरी ती अट ४५ दिवसांवरच थांबते. लेखी मुदत ठरलेलीच नसेल तर हिशोब १५ दिवसांचा.

त्याच बारीक मजकुरात 'सर्व वाद अमुक शहरातच चालतील' आणि 'लवाद आमच्या कंपनीने नेमलेला असेल' अशी कलमं असतात. परिषदेकडे जाण्याचा तुमचा हक्क या कलमांनी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. शिवाय परिषद तुमच्या जागेची असते. पुरवठादार जिथे आहे तिथली परिषद प्रकरण चालवते, खरेदीदार देशात कुठेही असला तरी.

४. माल उतरवताना जे मिळवाल तेच पुढे कामी येईल

या पायरीवर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण इथलं दुर्लक्ष नंतर भरून काढता येत नाही.

कायद्यात 'स्वीकार' नावाची संकल्पना आहे. माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल ज्या दिवशी पोचला त्याच दिवशी तो स्वीकारला गेला असं कायदा धरतो. सगळी मुदत तिथून मोजली जाते. म्हणून थकवणाऱ्या पार्टीचा ठरलेला बचाव एकच असतो: "माल खराब होता, आम्ही तेव्हाच सांगितलं होतं." तेव्हा खरोखर काही लेखी आलं होतं का, यावर प्रकरण फिरतं.

आता चलान हातात घेऊन बघा. गेटवरच्या सिक्युरिटीचा शिक्का असतो, त्यावर तारीख असते आणि एक वेडीवाकडी सही असते. हे पुरेसं नाही. सिक्युरिटी फक्त गाडी आत आली एवढंच सांगते. त्याच चलानवर स्टोअरचा इनवर्ड नंबर घ्या, सही करणाऱ्याचं नाव सुवाच्य अक्षरात लिहून घ्या आणि मोजलेले नग लिहून घ्या. ड्रायव्हर घाईत असतो, पुढची डिलिव्हरी राहिलेली असते, त्यामुळे त्याला हे आधीच समजावून ठेवावं लागतं. आमच्याकडे ड्रायव्हर गेटबाहेर पडण्याआधी चलानचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकतो. फोटोत इनवर्ड नंबर दिसला नाही तर त्याला तिथूनच परत आत पाठवतो.

त्यानंतर खरेदीदाराच्या सिस्टीममध्ये जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद होते. तिची प्रत मागा. प्रत मिळत नसेल तर किमान क्रमांक आणि तारीख मेलवर मागवा. सेवा देणाऱ्यांसाठी जीआरएनच्या जागी काम पूर्ण झाल्याचा दाखला किंवा मेलवरची मंजुरी असते. डिझायनर आणि सॉफ्टवेअरवाल्यांचे पैसे बहुतेक वेळा याच एका कागदावाचून लटकतात, कारण काम 'पूर्ण' कधी झालं हे कुठेच लिहिलेलं नसतं.

पंधरा दिवसांच्या आत खरंच लेखी तक्रार आली तर? लगेच उत्तर द्या. रिजेक्ट झालेला माल बदलून द्या, दुरुस्त करा किंवा तक्रार चुकीची असेल तर तसं लेखी कळवा. तक्रार दूर केल्याची तारीख नोंदवून ठेवा, कारण मग मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

५. व्याजाचा हिशोब मांडून ठेवा

मुदत संपली की कलम १६ प्रमाणे व्याज सुरू होतं. रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक रेटच्या तिप्पट, आणि तेही दर महिन्याला चक्रवाढ. हा बँक रेट म्हणजे रेपो रेट नव्हे, दोन्ही वेगळे आहेत. रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर त्या त्या काळातला दर बघून घ्या.

समजा बँक रेट ६ टक्के आहे. तिप्पट म्हणजे वर्षाला १८, महिन्याला दीड टक्का. दोन लाखांचं बिल मुदतीनंतर बारा महिने थकलं तर चक्रवाढीने ते सुमारे २,३९,१२४ रुपये होतं, म्हणजे ३९ हजारांहून जास्त व्याज. करारात 'उशीर झाला तरी व्याज मिळणार नाही' असं लिहिलेलं असलं तरी हे व्याज लागतंच, कारण कायदा कराराच्या वर आहे.

एक्सेलमध्ये प्रत्येक बिलाची वेगळी ओळ ठेवा: बिल क्रमांक, पोच तारीख, देय तारीख, मिळालेली रक्कम आणि तिची तारीख, आजपर्यंतचं व्याज. सगळी बिलं एकत्र करून एका आकड्यावर व्याज लावू नका. परिषदेत तो तक्ता टिकत नाही.

६. वकिलाआधी अकाउंट्सला एक पत्र

लगेच वकिलाची नोटीस पाठवली की संबंध तुटतात आणि फाइल त्यांच्या लीगलकडे जाऊन आणखी लांबते. माझं मत असं की आधी स्वतःच्या लेटरहेडवर, शांत भाषेत, आकड्यांसह पत्र पाठवावं. ते अकाउंट्सच्या प्रमुखाला आणि मालकाला किंवा संचालकाला एकाच वेळी मेल करावं. पत्रात रागाचा शब्द नको. चार गोष्टी मात्र नेमक्या लिहाव्यात.

एक, बिलवार व्याजाचा तक्ता आणि हे व्याज खरेदीदाराला प्राप्तिकरात खर्च म्हणून दाखवता येत नाही, ही आठवण.

दोन, प्राप्तिकरातली तरतूद. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना मुदतीत पैसे दिले नाहीत तर ती खरेदी त्या वर्षी खर्च म्हणून धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरता येते. ही तरतूद २०२३ च्या वित्त कायद्याने आली आणि २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून लागू झाली. व्यापारी तिला '४३-बी-एच' म्हणतात. नव्या प्राप्तिकर कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे पत्रात क्रमांक घालण्याआधी आपल्या सीएला विचारा. मार्च जवळ आला की या एका मुद्द्यावर पैसे सुटतात, कारण त्यांचा सीए त्यांना स्वतःच सांगतो.

तीन, जीएसटी. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पेमेंट झालं नाही तर खरेदीदाराला त्या बिलावर घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवरच्या जीएसटीची वजावट, व्याजासह परत करावं लागतं.

चार, खरेदीदार कंपनी असेल तर तिला ४५ दिवसांहून जास्त थकवलेल्या सूक्ष्म-लघु पुरवठादारांची माहिती कंपनी निबंधकाकडे दर सहा महिन्यांनी भरावी लागते. एप्रिल ते सप्टेंबरची ३१ ऑक्टोबरपर्यंत आणि ऑक्टोबर ते मार्चची ३० एप्रिलपर्यंत. "आमचं नाव आणि रक्कम त्यात दाखवली आहे का, कृपया कळवावं" एवढं एक वाक्य पुरतं.

या टप्प्यावर समोरून दोन गोष्टी येऊ शकतात. एक म्हणजे 'बॅलन्स कन्फर्मेशन'चा कागद, ज्यात तुमची बाकी कमी दाखवलेली असते. त्यावर तशीच सही करू नका. आपला आकडा लिहा आणि फरक नमूद करा. दुसरी म्हणजे "क्रेडिट नोट द्या, बाकीचं पेमेंट उद्या सोडतो." आधी पेमेंट, मग क्रेडिट नोट. हा क्रम उलटा झाला की तुमच्याच सहीने बिल कमी झालेलं असतं आणि 'उद्या' पुढे जात राहतो.

७. फाइल तयार करा

पत्राला उत्तर आलं नाही तर ही फाइल लागते. स्कॅन आणि मूळ प्रती, दोन्ही.

- उद्यम प्रमाणपत्र, त्यावरच्या नोंदणीच्या तारखेसह
- पर्चेस ऑर्डर किंवा तिच्या जागी मेल
- बिलं, चलानं, ई-वे बिलं, ट्रान्सपोर्टची पावती, जीआरएन
- खरेदीदाराचं लेजर तुमच्या खात्यातून आणि मिळालेल्या पैशांची बँक स्टेटमेंटं
- तगाद्याचे मेल आणि त्यांची उत्तरं
- जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या जीएसटी विवरणपत्राची, त्या महिन्यांची प्रत
- तुमचं २६एएस, म्हणजे तुमच्या नावावर कापून भरलेल्या कराचं प्राप्तिकर खात्याकडचं विवरण
- बिलवार व्याजाचा तक्ता
- खरेदीदाराचं पूर्ण कायदेशीर नाव, नोंदणीकृत पत्ता, जीएसटी क्रमांक, मेल

२६एएस कशाला, असं वाटेल. तुमच्या बिलावर खरेदीदाराने टीडीएस कापून भरला असेल तर तो तिथे दिसतो. ज्या बिलावर टीडीएस भरला ते बिल त्यांनी आपल्या वह्यांत घेतलेलं आहे. मग 'माल मिळालाच नाही' किंवा 'माल नाकारला होता' असं म्हणणं त्यांना जड जातं. आमच्या प्रकरणात समोरच्यांचा आवाज खाली आला तो या एका पानावर.

व्हॉट्सॲपवरची बोलणी पुरावा म्हणून चालतात, पण नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं. मूळ फोन सांभाळा, चॅट डिलीट करू नका.

नावाबाबतही काळजी घ्या. बोर्डवर एक नाव, बिलावर दुसरं, पेमेंट तिसऱ्याच फर्मकडून, असं लहान-मोठ्या सगळ्या ठिकाणी दिसतं. अर्ज ज्या नावावर पर्चेस ऑर्डर आणि बिल आहे त्याच नावावर करायचा. जीएसटी पोर्टलवर क्रमांक टाकून कायदेशीर नाव तपासून घ्या.

८. नोटीस, आणि तीन वर्षांची रेघ

वकिलाची नोटीस हा परिषदेकडे जाण्याआधीचा सक्तीचा टप्पा नाही, पण उपयोगी आहे. समोरच्याचं म्हणणं लेखी बाहेर येतं आणि पुढे ते बदलता येत नाही. स्पीड पोस्टने पाठवा, ट्रॅकिंगचा 'डिलिव्हर्ड' असा रिपोर्ट लगेच छापून ठेवा, सोबत मेलही करा. जुनं रजिस्टर पोस्ट १ सप्टेंबर २०२५ पासून स्पीड पोस्टात विलीन झालं आहे.

थकलेल्या पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. लहान उद्योजकांचा सर्वात मोठा तोटा मी इथे पाहिला आहे. 'संबंध चांगले आहेत, देईल कधीतरी' म्हणत वर्षं जातात. दर सहा महिन्यांनी तगाद्याचा मेल पाठवला की मुदत वाढते, असा सर्रास समज आहे. तो चुकीचा आहे. तुमच्या तगाद्याने मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने लेखी, सहीनिशी देणं मान्य केलं, किंवा काही रक्कम भरल्याची त्याच्या हस्ताक्षरातली किंवा सहीची नोंद असली, तर मुदत तिथून नव्याने सुरू होते. म्हणून दर मार्चअखेर सही-शिक्क्यासह बाकी मान्य करून घेणं ही सवय लावून घ्या.

९. सुविधा परिषदेकडे अर्ज

सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषद राज्य सरकार नेमते आणि उद्योग संचालनालयाकडून तिचं काम चालतं. अर्ज ऑनलाइन होतो. केंद्राच्या एमएसएमई मंत्रालयाने ऑक्टोबर २०१७ मध्ये 'समाधान' पोर्टल सुरू केलं, आता ऑनलाइन तंटा निवारणाची वेगळी सोयही आली आहे. मंत्रालयाच्या संकेतस्थळावरूनच आत शिरा आणि नवा अर्ज कुठे भरायचा याची तिथली सूचना पाळा. अर्ज उद्यम क्रमांकावर भरला जातो, त्यामुळे नोंदणीतला मोबाइल आणि मेल चालू असू द्या.

अर्जातली कहाणी छोटी ठेवा. कोणती ऑर्डर, कधी माल दिला, किती आलं, किती बाकी, व्याज किती. बाकी सगळं कागद बोलतील. एका खरेदीदाराची सगळी बिलं जोडताना जुन्या बिलांची तीन वर्षांची मुदत संपलेली नाही ना, ते आधी तपासा.

पुढे दोन टप्पे होतात. आधी समेट: दोघांना बोलावून तोडगा निघतो का ते पाहिलं जातं. तारखेला मालकाने स्वतः जावं असं मी आवर्जून सांगेन, कारण कोणतं चलान कोणत्या ऑर्डरचं हे तुम्हालाच ठाऊक असतं. समेट झाला नाही तर तेच प्रकरण लवाद म्हणून चालतं. परिषद स्वतः लवाद होते किंवा एखाद्या संस्थेकडे सोपवते. या टप्प्यात लेखी म्हणणं, पुरावे, उलट दावा हे सगळं येतं, तेव्हा वकील असलेला बरा.

कायदा ९० दिवसांत निकाल लावायला सांगतो. प्रत्यक्षात परिषदांकडे कामाचा बोजा मोठा आहे आणि त्याहून बराच जास्त वेळ लागतो. हे गृहीत धरूनच खेळत्या भांडवलाची सोय करा.

निकाल तुमच्या बाजूने लागला आणि खरेदीदाराला तो कोर्टात आव्हानायचा असेल, तर कलम १९ प्रमाणे आधी ७५ टक्के रक्कम जमा करावी लागते. त्या जमा रकमेतला काही भाग तुम्हाला देण्याचा आदेश कोर्ट करू शकतं, तो मागायला विसरू नका. आव्हान दिलंच नाही आणि पैसेही दिले नाहीत, तर निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात आणता येतो. तेव्हा खरेदीदाराचं बँक खातं कुठे आहे हे विचारलं जातं. जुन्या एनईएफटीच्या नोंदी आणि चेकच्या झेरॉक्स त्यासाठी जपा.

१०. परिषदेशिवायचे रस्ते

चेक परत आला असेल तर घड्याळ वेगळं चालतं. बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस पैसे भरायला, आणि ते गेले की एका महिन्यात तक्रार. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथल्या कोर्टात ती दाखल होते. नोटिशीत चेकची रक्कम स्पष्ट आणि वेगळी मागा. व्याज-खर्च मिसळून एकच आकडा लिहिला की नोटीसच वादात सापडते. कंपनीचा चेक असेल तर कंपनी आणि सही करणारे, दोघांनाही नोटीस द्या.

या कायद्यात बसत नसाल, उदाहरणार्थ व्यापारी असाल, तर रक्कम ३ लाखांच्या वर असल्यास व्यावसायिक न्यायालयाचा रस्ता आहे. तातडीचा मनाई हुकूम वगैरे नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे, ती टाळून केलेला दावा फेटाळला जातो. लेखी कराराची किंवा चेकची ठरलेली रक्कम असेल तर समरी, म्हणजे झटपट चालणाऱ्या, दाव्याबद्दल वकिलाला विचारा. सरकारी खात्यावर दावा करायचा असेल तर दोन महिन्यांची आगाऊ नोटीस लागते.

दिवाळखोरी कायद्याची धमकी अनेक जण देतात. २०२० पासून त्याची किमान मर्यादा एक कोटी आहे, तेव्हा पाच-दहा लाखांच्या बिलासाठी ती पोकळ ठरते. आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार करून पैसे काढायच्या फंदात पडू नका. निव्वळ थकबाकी हा दिवाणी वाद आहे, कोर्टं अशा तक्रारी रद्द करतात आणि तोवर तुमचा वेळ जातो.

पुढच्या बिलांसाठी ट्रेड्स ही बिलांवर लवकर पैसे मिळवण्याची ऑनलाइन सोय बघून ठेवा. २५० कोटींहून जास्त उलाढालीच्या कंपन्यांना या व्यवस्थेवर नोंदणी सक्तीची केली आहे. खरेदीदाराने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात, तुम्हाला थोडं डिस्काउंट जाऊन पैसे लवकर मिळतात आणि खरेदीदाराने नंतर थकवलं तरी बँक तुमच्या मागे येत नाही.

११. तडजोड करताना

बऱ्याच प्रकरणांत मधल्या तारखांना समोरून फोन येतो: "व्याज सोडा, मुद्दल लगेच देतो." व्याजाचा काही भाग सोडून रोख मुद्दल मिळत असेल तर मी ते घ्यावं असंच म्हणेन. पुढची दोन वर्षं कोणाची वाट बघत काढायची, हा हिशोब ज्याचा त्याने करायचा आहे. पण तडजोड फोनवर नको. रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि 'एक जरी हप्ता चुकला तर पूर्ण रक्कम कायद्याच्या व्याजासह देय' ही ओळ, असं सगळं दोघांच्या सहीने परिषदेच्या कामकाजात नोंदवून घ्या. हप्त्यांचे चेक आधीच घ्या. "आधी केस मागे घ्या, मग आरटीजीएस करतो" याला ठाम नकार द्या. शेवटचा हप्ता खात्यात जमा झाला, स्टेटमेंटवर दिसला, की मगच मागे घेण्याचा अर्ज सही करा.

सही करताना त्या अर्जातली बिलांची यादी एकदा तपासा. कधीकधी 'या पार्टीकडून आमचं काहीही येणं नाही' असं मोघम वाक्य त्यात घातलेलं असतं, आणि ज्या नव्या बिलांचा या वादाशी संबंधच नाही तीही त्यात बुडतात. वाक्य खोडून तिथे फक्त तडजोडीतले बिल क्रमांक लिहा.